मोगरी धरलेला हात

ऑल्डर हॉलोमध्ये त्या वर्षी बर्फ इतका पडला, की ऑर्डवेबाईंचा कुत्रा अंगणातून चालत चालत थेट छपरावर जायचा आणि धुराड्याला पाय वर करून परत यायचा. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि त्यात हसण्यासारखं फार नाही.

कुत्र्याचं नाव व्हेटो. कोणी काहीही म्हटलं की तो आधी भुंकायचा, म्हणून व्हेटो. आणि ऑर्डवेबाई म्हणजे लोविना ऑर्डवे. वय चौसष्ट, अंगानं वाळल्या शेंगेसारखी, पण आवाज असा की वर्गात "बसा" म्हटलं की रस्त्यापलीकडे चर्चमध्ये उभे असलेले लोकही खाली बसायचे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. गावच्या शाळेत वरच्या वर्गांना ती 'सरकार' हा विषय शिकवायची, छत्तीस वर्षं. आणि मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव टाउन हॉलमध्ये जमून वर्षभराचे निर्णय घ्यायचं, तेव्हा सभाध्यक्षाच्या खुर्चीवरही, सभा आवरायची लाकडी मोगरी हातात घेऊन, तीच असायची. बावीस वर्षं. कोणीतरी तिचं नाव सुचवायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, आणि "विरोधात कोण?" म्हटलं की स्टोव्हमधलं लाकूड तेवढं तडकायचं.

वर्गात ती पुस्तक फारसं उघडायची नाही. म्हणायची, "पाकघर आठवा. मेपलचा रस आटवायला तीन माणसं लागतात. एक जाळ घालतो, एक ढवळतो, एक चाखून सांगतो झाला की नाही. का रे वेंडेल, एकालाच तिन्ही कामं दिली तर?"

"तर पाक बाटलीत भरायला उरणारच नाही, बाई."

"बस. वॉशिंग्टनच्या सरकारचं सगळं एवढंच आहे. बाकीची तीनशे पानं या पाकाला माशा लागू नयेत म्हणून."

मुलं हसायची, पण डोक्यात राहायचं. आपल्या गावसभेतही कुणाकडे काय सत्ता आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. आवाजी मतदानावर सात जणांनी हरकत घेतली की चिठ्ठ्या वाटाव्याच लागतात. एक विषय संपून पुढचा सुरू झाला की त्या सभेत मागच्यावर परत येता येत नाही. आणि चिठ्ठ्यांचं मतदान असलं की सभाध्यक्षालाही इतरांसारखंच एक मत असतं.

हे शेवटचं ती दरवर्षी शिकवायची, आणि स्वतः कधी करायची नाही.

त्या फेब्रुवारीत पोस्टाच्या दारावर सभेची नोटीस लागली. विषय नववा: गावच्या शाळेचे वरचे चार वर्ग बंद करून मुलांना डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवावे काय. चार वर्गांत मिळून मुलं होती एकेचाळीस. घरपट्टी वाढत चालली होती, आणि शाळा उबदार ठेवणारी तेलाची टाकी तर हिवाळ्यात एखाद्या दारुड्यासारखी प्यायची. त्यामुळे नोटीस वाचून कुणाला धक्का वगैरे बसला नाही. बसला तो टॅम्सिन किट्रेजला.

टॅम्सिन अकरावीत होती. सतरा वर्षांची, हात बापईगड्यासारखे, बोलणं मोजकं. वर्गात तिनं विचारलं, "बाई, तिकडची बस कितीला निघणार?"

"सहा वाजून दहा मिनिटांनी, असं म्हणतायत."

"आमच्या गाई सव्वासातला आटपतात."

मागून वेंडेल म्हणाला, "गाईंना सांग की, जरा हात उचला म्हणून."

"तूच सांग. तुझं ऐकतील, घरातला समजून."

वर्ग हसला. टॅम्सिन नाही हसली. "चेष्टा नाही बाई. बाबांची पाठ पार गेलीय. खाली वाकले की वर करायला आम्ही दोघी लागतो, मी आणि आई. मी बस पकडली तर दूध कोण काढणार? आणि दूध काढलं तर बस गेली. माझं बारावीचं वर्ष तेवढं राहिलंय."

लोविनानं समोरचं पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "अजून सभा व्हायचीय. लोक काही वेडे नाहीत."

"चिठ्ठ्या वाटल्या तर तुम्ही मत द्याल ना?"

आता खरं तर इथंच थांबून विचार करायचा. पण छत्तीस वर्षं वर्गात टाळ्या मिळवलेल्या बाईच्या तोंडात उत्तर तयार असतं. लोविनानं टेबलावरचा खडू उचलला आणि मोगरीसारखा आपटला. "टॅम्सिन, मोगरी धरलेल्या हातानं पेन्सिल धरायची नसते."

वर्गाला ते फार आवडलं. वेंडेलनं वहीत लिहूनही घेतलं, ज्या पोरानं वर्षभर वहीत बदकांशिवाय काही काढलं नव्हतं. टॅम्सिननं मात्र लिहिलं नाही. ती म्हणाली, "पण कायद्यात तर धरायची असते."

"असते," लोविना म्हणाली, "पण मी धरत नाही." आणि घंटा झाली.

यामागं एक रीत होती, ती सांगायला हवी. चिठ्ठ्या वाटायची वेळ आली की गावची चिटणीस विनिफ्रेड चेस पहिली चिठ्ठी मंचावर आणून अध्यक्षाच्या हातात द्यायची. लोविना ती सगळ्यांना दिसेल अशी उचलायची, कोरीच दुमडायची, आणि कोटाच्या खिशात ठेवायची. म्हणजे बघा, मी कुणाच्याच बाजूची नाही. त्यावर हॉलमध्ये एक बारीकशी कुजबुज उठायची, रजईखाली मांजर गुरगुरावं तशी. 'बाई म्हणजे बाई' असा त्याचा अर्थ. ती कुजबुज अर्धं मिनिटसुद्धा टिकायची नाही, पण लोविनाला त्यावर वर्ष काढता यायचं. घरी आल्यावर ती कोरी चिठ्ठी बिस्किटांच्या जुन्या डब्यात जायची. पदकं जपतात तशा तिनं त्या जपल्या होत्या.

सभेचा दिवस उजाडला. हॉलच्या तळघरात घेवड्याची भांडी आणि पायच्या, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेल्या गोड पोळ्यांच्या, थाळ्या मांडलेल्या. त्या दिवशी बाहेर एकदम ऊन पडलं आणि झाडांतून रस असा धावायला लागला, की म्हणे प्रॉक्टरच्या वाटेवरच्या एका मेपलनं बादली भरून शेजारच्या झाडाची उसनी मागितली. तरीही लोक रस गोळा करायचा सोडून आले. मत असलेले मधल्या खुर्च्यांवर बसले, आणि मत नसलेले, म्हणजे पोरंटोरं आणि नुकते राहायला आलेले, स्टोव्हजवळच्या बाकावर. टॅम्सिन तिथं बसली होती, गोठ्यातले बूट तसेच पायात.

नववा विषय मांडला हार्लन स्प्रेगनं. हाही लोविनाचाच विद्यार्थी, आता पन्नाशीचा, गावात लाकडाची गिरणी चालवायचा.

"अध्यक्षबाई, मला शाळेचं वाईट करायचं नाही. मी तिथंच शिकलो, म्हणजे निदान जायचो तरी."

"मला आठवतंय हार्लन. खिडकीतून जायचास."

हशा झाला. हार्लनही हसला आणि मग त्यानं खिशातून कागद काढून तेल, छप्पर, पगार सगळं वाचून दाखवलं. त्याचं बोलणं सरळ होतं. शेवटी म्हणाला, "पाच वर्षांत म्हाताऱ्यांना घरं विकावी लागतील. एवढंच."

मग कोणीतरी उठून म्हणालं की किट्रेजच्या मुलीला बोलू द्या. मत नसलेल्याला बोलायचं तर सभेची परवानगी लागते. ती मिळाली. टॅम्सिन उठली. तिनं भाषण पाठ केलं होतं हे लोविनाला माहीत होतं, तिनंच तीनदा तपासून दिलं होतं, घटना, हक्क, सगळं होतं त्यात. पोरीनं त्यातला एक शब्द उच्चारला नाही.

"आमच्याकडे बावीस गाई आहेत," ती म्हणाली. "त्यांना विषयपत्रिका कळत नाही. बस सहा दहाला निघते. मला बारावी करायचीय." आणि खाली बसली.

लोविनाला वाटलं, मी शिकवलेल्या छत्तीस वर्षांपेक्षा हे चांगलं झालं.

आवाजी मतदान घेतलं तर दोन्हीकडचा गलका सारखाच. सात माणसं उठली आणि चिठ्ठ्या मागितल्या. विनिफ्रेड पाय घासत मंचावर आली, पहिली चिठ्ठी पुढं केली.

लोविनानं चिठ्ठी घेतली आणि हॉलवर नजर फिरवली. चेहरे ती पुस्तकासारखी वाचायची. हा 'नाही' म्हणेल, ही 'नाही', तो प्रॉक्टर 'हो', त्याची बायको नक्की 'नाही', कारण तिनं त्याचं कधीच ऐकलं नाही. मनातल्या मनात हिशेब झाला. ठराव वीस मतांनी तरी पडतोय. मग कशाला? बावीस वर्षांची रीत एका दिवसासाठी कशाला मोडायची, आणि तीही गरज नसताना?

पेन्सिल समोरच होती, दोरीनं टेबलाला बांधलेली. स्टोव्हजवळून टॅम्सिन तिच्या हाताकडेच बघत होती.

लोविनानं चिठ्ठी उंच केली. दुमडली. खिशात ठेवली.

कुजबुज उठली, नेहमीसारखी. तिच्या कानाला गोड लागली, हेही खरं.

लोक रांगेनं येऊन पेटीत चिठ्ठ्या टाकून गेले. "राहिलं का कोणी?" तिनं तीनदा विचारलं. "पेटी बंद करा." मोगरी आपटली.

विनिफ्रेडनं आणि आणखी दोघांनी मोजायला घेतलं. मोजून झालं तरी ती तिथून उठेना. तिनं पुन्हा मोजलं. मग मंचापाशी येऊन कागद दिला आणि लोविनाच्या तोंडाकडे न बघता खाली गेली.

बंद करा: अठ्ठ्याऐंशी. करू नका: सत्त्याऐंशी.

मतं समसमान झाली की ठराव पडतो. हे ती दरवर्षी एप्रिलच्या परीक्षेत विचारायची, दोन गुणांना. सोपा प्रश्न म्हणून पहिला घालायची.

खिशातली चिठ्ठी हलकी असते, कागदाचा चतकोर तुकडा. पण त्या क्षणी लोविनाला वाटलं, कोटाची ती बाजू जमिनीला टेकेल. तिनं पेटीकडे पाहिलं. पेटी बंद होती. तिनंच बंद करायला सांगितली होती.

"ठराव मंजूर," ती म्हणाली. आवाज तोच, चर्चपर्यंत पोचणारा. आणि बावीस वर्षांची सवय अशी वाईट, की तिला थांबवायला कोणी उठण्याआधीच जीभ पुढं गेली. "विषय दहावा. कुत्र्यांचे परवाने." आता मागं येण्याची वाटही बंद झाली.

स्टोव्हजवळच्या बाकावर टॅम्सिन नव्हती. दार नुसतं हलत होतं.

सभा संपल्यावर तळघरात हार्लन स्प्रेग हातात सफरचंदाची पाय घेऊन उभा होता आणि खात नव्हता. लोविना दिसल्यावर म्हणाला, "बाई, मी नुसता धाक दाखवायला मांडला होता हो. शाळेच्या कमिटीनं खर्च कमी करावा म्हणून. मला वाटलं पडेल. मीसुद्धा 'हो' कशाला लिहिलं, तर निदान माझं एक तरी मत बाजूनं यावं, लाज राहावी म्हणून."

"आणखी किती जणांनी लाजेखातर लिहिलं?"

"घरातल्या घरात दोघांनी. मी आणि माझ्या बायकोनं, मार्थानं." त्यानं थाळी खाली ठेवली. "तुम्ही लिहायला हवं होतं बाई."

"माहीत आहे मला."

"मला तुमच्याकडूनच कळलं होतं ते, की लिहिता येतं."

"हार्लन, ती पाय खा."

तीस दिवसांत अर्ज केला तर पुन्हा मतदान मागता येतं. लोविना दारोदार फिरली, सह्या आणल्या. पण पुन्हा मतदान पडलं एप्रिलच्या शेवटी, आणि ऑल्डर हॉलोचा एप्रिल म्हणजे चिखल. त्या वर्षी टपालाची गाडी गिरणीच्या वळणावर बुडाली ती मे महिन्यात वर आली, तेव्हा आतल्या पत्रांना कोंब फुटले होते. डोंगरावरच्या वस्त्यांतले लोक, जे सगळे शाळेच्या बाजूचे, ते उतरूच शकले नाहीत. जे आले त्यांचं तोवर 'झालं ते झालं' असं झालं होतं. लोविनानं त्या दिवशी खुर्ची दुसऱ्याला दिली, रांगेत उभी राहिली आणि 'नाही' लिहिलं. शाळेच्या बाजूचे छत्तीस मतांनी हरले. तिचं मत त्यात एक होतं, बादलीत पडलेल्या पावसाच्या थेंबासारखं.

जूनमध्ये वरचे वर्ग बंद झाले. लोविनाला निरोपादाखल घड्याळ मिळालं. भाषणात सगळ्यांनी तिच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक केलं. ती टाळ्या संपायची वाट बघत बसून राहिली.

सप्टेंबर लागला. शाळेच्या पहिल्या सोमवारी पहाटे साडेचारला ती किट्रेजांच्या गोठ्यात हजर झाली. नवऱ्याचे रबरी बूट, डोक्याला रुमाल. व्हेटोला घरी कोंडून आली होती, कारण तो गाईंवरही हरकत घेतो.

टॅम्सिननं गाईआडून मान वर केली. "बाई? काय झालं?"

"काही नाही. मी दूध काढते. तू हात धू आणि बसला जा."

"तुम्हाला येतं?"

"छत्तीस वर्षं पोरं सांभाळली. गाय म्हणजे काय, चार पायांचा वेंडेल."

 टॅम्सिननं दूध काढायच्या यंत्राचे चार पेले सडांना कसे लावायचे ते दाखवलं. लोविनानं पहिल्या गाईला ते लावले, गाईनं ते काढले. पुन्हा लावले, पुन्हा लाथ. तिसऱ्या वेळी गाईनं लोविनाचा रुमालच काढून तोंडात घेतला आणि असा चघळला, जसा हार्लन एकेकाळी इतिहासाचा पेपर चघळायचा. टॅम्सिन मधे पडली. मग तिसरी गाय, सातवी गाय. बाहेर उजाडलं. खालच्या रस्त्यावर पिवळी बस आली, थांबली, भोंगा वाजवला. थोडा वेळ थांबली. गेली.

"बाई, बस गेली."

"उद्या आणखी लवकर येते."

"उद्याही जाईल." ती रागावून बोलत नव्हती. गाईची धार कशी आहे हे सांगावं, तसं बोलत होती.

दूध आटपल्यावर दोघी उलट्या बादल्यांवर बसल्या. टॅम्सिन नळीनं पाणी मारत होती. म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्हाला शाळा बंदच व्हायला हवी होती ना?"

लोविनाला वाटलं, गाईनं लाथ छातीत मारली. "कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मलाच वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि चिठ्ठी खिशात घातलीत. म्हटलं, छत्तीस वर्षं झाली, दमल्या असतील. तोंडावर सांगवत नसेल. मी बाबांनाही तसंच सांगितलं."

"टॅम्सिन, मला 'बंद करू नका' असंच लिहायचं होतं."

नळीचं पाणी वाहत राहिलं. "मग?"

आता उत्तर तयार नव्हतं. वर्ग नव्हता, खडू नव्हता. लोविना चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघत म्हणाली, "लोकांनी मला बरं म्हणावं, असं वाटत होतं."

टॅम्सिननं विचार केला. "म्हणतात की अजून," ती म्हणाली, आणि नळी बंद केली.

लोविना त्यानंतरही गुरुवारी गुरुवारी जात राहिली, पुस्तकं घेऊन. कधी दोन पानं व्हायची, कधी गाय व्यायची आणि काहीच व्हायचं नाही. बारावी काही झाली नाही.

पुढच्या मार्चमध्ये अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा कोणीतरी सवयीनं ऑर्डवेबाईंचं नाव घेतलं. ती उठून म्हणाली, "नको." मग हार्लन स्प्रेगला बसवलं. बिचारा मोगरी उलटी धरत होता.

त्या वर्षी एकाच विषयावर चिठ्ठ्या वाटल्या गेल्या: बर्फ सारायची नवी गाडी घ्यावी काय. विनिफ्रेडनं पहिली चिठ्ठी मंचावर नेऊन हार्लनच्या हातात दिली. हार्लननं ती घेतली, हॉलमध्ये लोविना कुठं बसलीय ते बघितलं, दोरीची पेन्सिल ओढली आणि सगळ्यांसमोर लिहिलं. कुजबुज उठली. ती बरी नव्हती. हार्लनचे कान लाल झाले, पण त्यानं चिठ्ठी पेटीत टाकली.

लोविना मधल्या खुर्च्यांत बसली होती. तिची पेन्सिल घरून आणलेली. तिनं इतकं दाबून लिहिलं की कागदाला भोक पडलं, आणि विनिफ्रेडकडून दुसरी चिठ्ठी घ्यावी लागली.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसलं. गोठ्यातले बूट, केसांत गवताची काडी. टॅम्सिनला अठरा पूर्ण झाली होती. तिनं हातातल्या चिठ्ठीकडे जरा वेळ बघितलं.

"बाई, पेन्सिल आहे?"

लोविनानं दिली. टॅम्सिननं लिहिलं, दुमडलं, पेन्सिल परत केली. दोघी रांगेत उभ्या राहिल्या, आधी टॅम्सिन, मग लोविना.

गाडी एकशे चार मतांनी मंजूर झाली. या दोघींची मतं नसती, तरी झाली असती.